कपाटातल्या आईचं रडणं

"अकरा नट्या रडून गेल्या. एकीचंही रडणं विकण्यासारखं नाही," विभागप्रमुख तोदोरोकी म्हणाला आणि त्यानं थंड झालेल्या ताकोयाकीचा, ऑक्टोपस भरलेल्या पिठाचा, गोळा तोंडात टाकला.

ओसाकातल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत सॉसचा आणि घामाचा वास कोंडला होता. भिंतीवर आकडे झळकत होते. अठ्ठ्याण्णव साली 'कपाटातली आई' हा भुताचा व्हिडिओ गेम खेळून घाबरलेली पोरं आता चाळिशीत आली होती. हातात पैसा, कानाला महागडे हेडफोन. जुना गेम नव्यानं बनवला तर हीच मंडळी रांग लावणार होती. पण त्यांना हवं होतं ते कपाटातलं रडणं, आणि जुन्या टेपवर खरखर फार होती.

"ती मूळची बाई कोण?" तोदोरोकीनं विचारलं.

"गेमच्या शेवटी नावांची यादी येते, तिच्यात नुसतं 'चिमणी' लिहिलंय," सायो मिनेगिशी म्हणाली. त्या काळी कंपन्या खरी नावं छापूच देत नसत. दुसरी कंपनी आपला माणूस पळवील ही भीती.

"मग सोपंच आहे. आवाज देऊन ती आठ दिवसांत मेली, अशी आवई उठवू. देवळात जाऊन शुद्धी करून घेऊ, त्याचे फोटो टाकू. मेलेली बाई जिवंत बाईपेक्षा जास्त खपते रे!"

सगळे हसले. सायोनं वहीत डोकं घातलं. एप्रिलमध्ये ती खेळण्यांच्या विभागातून इथं आली होती. तिथं निदान कापसाचे ससे विकायचे होते.

टेबलाच्या टोकाला शिगेओ उकाई बसले होते. जुन्या गेमचे आवाज त्यांनीच केलेले. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. ते हसले नाहीत. मंजुरीचा कागद त्यांच्यापुढे होता. त्यावर सहीच्या जागी सगळ्यांचे लाल शिक्के उमटले होते, एक त्यांचा सोडून.

"उकाई-सान, शिक्का?" तोदोरोकीनं विचारलं.

"अजून वेळ आलेली नाही."

"महिनाअखेर वरचे लोक फाइल बंद करतील. मग काय करायचं?"

"मग बंद होईल."

चार वाजता ते उठले. रोज चारला उठत. मुलगी नानाए इस्पितळात होती, शेवटच्या वाटेवर. सगळ्यांनी माना झुकवल्या.

दार लागताच तोदोरोकी म्हणाला, "मिनेगिशी, म्हाताऱ्याचा शिक्का तू आणायचा. पोरीच्या दुखण्यानं मऊ झाला असेल. फळांची करंडी ने, चार टिपं गाळ."

सायो करंडी न घेताच धावली. लिफ्टमध्ये दोघंच होते.

"उकाई-सान, चिमणी कोण, ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"त्या बाईनं हा गेम कधी पाहिला नाही," ते हळू म्हणाले. "तिला कळूही दिलेलं नाही."

त्यांच्या पिशवीला एक राखाडी, केसाळ गोंडा लटकत होता, मांजराच्या पिल्लाएवढा.

"नानाए-सानचा?"

"तिच्यासाठी आहे." त्यांनी गोंड्यावरून बोट फिरवलं. "जपून ठेवलाय."

सायोचं काळीज हललं. या घाणीत एक माणूस तरी माणूस आहे, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तिनं शिक्का मागितला नाही. तोदोरोकी रोज विचारी, ती रोज खोटं बोले.

महिना संपायला तीन दिवस राहिले आणि नानाए गेली.

अंत्यविधीला सकाळी दहाला कंपनीकडून सायो आणि तोदोरोकी गेले. वेदीवर पांढऱ्या शेवंतीचा ढीग होता. फुलांत, शवपेटीच्या अगदी उशाशी, तो राखाडी गोंडा ठेवलेला. बापानं लेकीचं खेळणं तिच्यासोबत धाडलं, या विचारानं सायोचे डोळे भरले.

पेटीचं झाकण लावायची वेळ आली. उकाईंची बायको फुमिए पुढे झाली, वाकली, लेकीच्या गालाला गाल लावला.

आधी एक लांब श्वास. मग दळता दळता जातं थांबावं तसा थांबा. आणि मग ते रडणं. मातीखालून पाझरावं तसं, शब्द नसलेलं, सूर नसलेलं.

सायोच्या अंगावर काटा आला. हे रडणं तिनं जुन्या टेपवर हजारदा ऐकलं होतं.

चिमणी!

शेजारच्या म्हातारीला तिनं कसंबसं विचारलं. "या आधी कुणी...?"

"पहिलं लेकरू गेलं ना गं हिचं, अठ्ठ्याण्णव साली. तेव्हाही अश्शीच रडली होती."

सायोनं तोंडावर रुमाल दाबला. सत्तावीस वर्षांपूर्वी कंपनीतल्या कुण्या नीचानं ते रडणं चोरलं असणार, आणि उकाई तेव्हापासून बायकोपासून ते लपवत जगले असणार. म्हणून तो शिक्का उमटत नव्हता. मागे तोदोरोकी कुजबुजला, "आवाज ओळखीचा वाटतो नाही?" तिला त्याच्या अंगावर ओकावंसं वाटलं.

घरी येऊन तिनं पत्र लिहिलं. हा गेम बनवू नये, हे माझं मत आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. त्या माउलीचं दुःख आता तरी कुणी विकणार नव्हतं.

सकाळी ती पत्र घेऊन लवकर आली. सुतकाच्या रजेवर असलेले उकाई तिच्याही आधी येऊन गेले होते.

तिच्या मेजावर मंजुरीचा कागद होता. त्यावर त्यांचा शिक्का उमटला होता, वरिष्ठांच्या शिक्क्यापुढे मान तुकवल्यासारखा किंचित डावीकडे कललेला. कागदावर वजन म्हणून तो राखाडी गोंडा ठेवला होता. सायोनं उचलला तसा तो मोज्यासारखा निसटून हातात आला आणि आतून बोटभर मायक्रोफोन निघाला.

त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर नेटकं अक्षर होतं: 'चिमणी, दुसऱ्यांदा. या वेळी खरखर नाही.'