चौकोन ग-७

ग-७ हा चौकोन तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली.

विद्यापीठाच्या संशोधन अहवालाचं काम गेली एकोणीस वर्षं तिच्याकडे होतं. विभागांनी आपापले गोषवारे पाठवायचे आणि तिने ते चार माणसांना कळतील अशा भाषेत लिहून काढायचे. एक प्राध्यापक मुंग्यांच्या रांगा मोजत होते. दुसरे, माणसं बोलताना 'अं' नेमकं कुठे करतात ते शोधत होते. एका बाईंनी जुन्या खानावळींच्या पाट्यांवर प्रबंध लिहिला होता. शेजारच्या खोलीत काय चाललंय याचा मात्र कुणालाच पत्ता नसे. अहवाल छापून झाला की थेट कपाटात जाई. "आपण कपाटांना साक्षर करतो," असं छापखान्यातले काका म्हणत.

म्हणजे सगळं वाचणारी ती एकटीच.

यंदा तीन विभागांनी विद्यापीठाच्याच बागेत काम केलं होतं. नकाशा तिघांचा एकच, चौकोन आखलेला.

वनस्पतिशास्त्राच्या मुलीने कण्हेरीची झाडं मापली होती. एका रांगेत, एकाच आठवड्यात लावलेली. त्यातलं ग-७ मधलं तेवढं दुप्पट वाढलेलं, कारण अज्ञात. मृदाशास्त्राच्या सरांना ग-७च्या मातीत फॉस्फरस बाकी बागेच्या सहापट सापडला होता. 'पूर्वी येथे एखादे जनावर पुरले असावे,' अशी त्यांची टीप होती. आणि भूभौतिकीच्या पोरांनी जमिनीच्या पोटात बघणारं नवं यंत्र हात बसावा म्हणून बागेतून फिरवलं होतं. ग-७, खोली अडीच फूट, काहीतरी आडवं. लांबी साडेपाच फूट.

तिने सरांना फोन लावला.

"सर, जनावर म्हणजे केवढं असेल?"

"का हो, बाई?"

"वाक्य नीट लिहायला."

"वासराएवढं म्हणा. आता विद्यापीठाच्या बागेत वासरू कोण पुरेल, ते मला विचारू नका." सर हसले.

"आणि तिथली कण्हेर कधीची?"

"ते झाडवाल्यांना विचारा. आमचा संबंध मातीपर्यंतच."

झाडवाल्या मुलीने लगेच सांगितलं, "बावीस वर्षं झाली, मॅडम. बागेच्या वहीत नोंद आहे."

बावीस वर्षं. तिने फोन ठेवला.

तिचा नवरा भूगर्भशास्त्र विभागाची जीप चालवायचा. बावीस वर्षांपूर्वी जीप जागेवर लावून तो नाहीसा झाला. ती त्या आठवड्यात दवाखान्यात होती. जिन्यावरून पडून डोकं फुटलं, असं तिला शुद्धीवर आल्यावर सांगितलं गेलं. तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. कुठल्या तरी बाईबरोबर गेला असेल, असं लोक म्हणाले आणि गप्प झाले.

तसा तो ऊठसूट हात उगारणारा माणूस. आठवण काढावी असं त्याच्यात थोडंच होतं. तरी लांबलचक कॉरिडॉरमध्ये कुणी पाठमोरं दिसलं, बाहेर जीपचा ब्रेक करकचला, की तिच्या मानेवर काटा उभा राहायचा. मेलेल्या माणसाला विसरता येतं. हरवलेला मात्र रोज नव्याने घरी येत नाही.

दुपारी ती बागेत गेली. ऊन लख्ख होतं. ते झाड फुलांनी लगडलं होतं. रांगेत सावली पडायची ती त्या एकाच झाडाची, आणि त्याच सावलीत बसून ती कित्येक वर्षं डबा खात आली होती.

आज तिने डबा उघडला नाही.

घरी जाताना तिला एकच धास्ती होती, सासूबाईंची. या बाईने नवरा टाकून गेलेल्या सुनेला पोटच्या लेकीसारखं सांभाळलं होतं. तीस वर्षं त्यांनी विद्यापीठात माळीकाम केलं होतं. अहवालाची नोकरी त्यांनीच साहेबांच्या मागे लागून मिळवून दिली होती. आता गुडघे गेले होते. अशा बाईला मुलाची ही बातमी कुठल्या तोंडाने द्यायची?

सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"आज काय शोधलं तुमच्या शहाण्यांनी?"

एकोणीस वर्षांत एकही संध्याकाळ त्यांनी हा प्रश्न चुकवला नव्हता. पोटचा गोळा हरवलेल्या बाईला कुठल्याही शोधाची आस असणारच, असं ती समजून होती.

"आई, पाणी देऊ का?"

"मी काय मरायला टेकलेय? बोल काय ते."

ती समोर बसली. "बागेत काहीतरी सापडलंय. म्हणजे, अजून कुणाला कळलेलं नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी बघितल्यात." तिने भांड्यातला एक दाणा उचलला. "आई, ते कुठे गेलेच नव्हते हो."

सासूबाईंचा हात थांबला नाही. शेंग फुटली, दाणे भांड्यात पडले.

"ते तिघं एकमेकांशी बोलतात?"

"नाही."

"आणि काय छापायचं, काय गाळायचं, ते कुणाच्या हातात?"

"माझ्या." ती चमकली. "पण आई, पोलिसांना सांगायला नको? कुणी केलं ते कळायला नको?"

सासूबाईंनी भांडं बाजूला सारलं. तिला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तो जुन्या टाक्यांच्या जागी ठेवला.

"जिन्यावरून पडली नव्हतीस तू," त्या म्हणाल्या. "खड्डा अजून हातभर खोल घ्यायचा होता मला. पण तू शुद्धीवर यायच्या आत तुझ्या उशाशी परत येऊन बसायचं होतं, पोरी."