बारा महिन्यांच्या बायका

फ्रेमवाल्या दयारामनं काच काढून चित्र काउंटरवर ठेवलं, तरी शोशानाबाईंचं समाधान होईना. जपानी कागदावरची बाई छत्री घेऊन जूनच्या पावसात उभी होती. शोशानाबाईंच्या मते ती त्यांची नव्हतीच.

बारा महिन्यांच्या बारा बायका. नवरा एझरा बोटीवर नोकरीला होता, तेव्हा त्यानं जपानहून आणलेल्या. तो जाऊन सहा वर्षं झाली. सुकापूरचं घर रिकामं करून बाई पुढच्या आठवड्यात लेकीकडे, इस्राएलला निघाल्या होत्या. भांडीकुंडी वाटून झाली होती. त्याची आठवण म्हणून एवढंच बरोबर न्यायचं होतं, आणि तेच पनवेलच्या या दुकानात आठाचे वीस दिवस पडून राहिलं. मनात पाल चुकचुकायला एवढं पुरे झालं. हल्ली यंत्रावर काय हुबेहूब निघत नाही?

"कागद इतका पांढरा नव्हता," त्या म्हणाल्या.

दयारामनं परोपरीनं समजावलं. भोवती काळा पुठ्ठा आला की कागद उजळ दिसतो, आणि गव्हाणच्या एका लग्नाचे फोटो मध्ये आले म्हणून उशीर झाला. वर देवाची शपथही घेतली. शपथ ऐकून तर बाईंची खात्रीच पटली. खरं बोलणाऱ्याला देव कशाला मध्ये घालावा लागतो?

त्यांनी बोट पुढे केलं, तसा तो घाईनं म्हणाला, "हात नका लावू बाई. घामानं पन रंग सुटंल."

ते बाईंनाही ठाऊक होतं. हे रंग पाण्यात कालवून लाकडी ठशांनी उमटवलेले, थेंब पडला तरी जातील, असं एझरा प्रत्येक पाहुण्याला बजावायचा. पण यंत्राची शाई थोडीच सुटते? म्हणजे हा घाबरतोय तो नक्कल पकडली जाईल म्हणून.

बाईंनी बोट जिभेला लावलं आणि चित्रातल्या बाईच्या ओठांवरून फिरवलं.

ओठ गेले. हनुवटीपर्यंत लाल फराटा उमटला. तोच लाल शोशानाबाईंच्या बोटावर आला होता.

दयाराम मटकन स्टुलावर बसला. पन्नास वर्षं जपलेलं चित्र बाईंनी आपल्याच हातानं घालवलं होतं. त्या पदर तोंडाशी धरून रडल्या.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"ही खरी होती," त्या म्हणाल्या. "आता जुलैची उघड."