एकोणीस अंश

घनसावंगीहून फहीम बोर्ड दुरुस्त करायला आला, तेव्हा मे महिन्याची दुपार नुसती भाजून काढत होती आणि पारावरचा हवामानाचा बोर्ड दाखवत होता, तापमान १९. खाली मंडळी ऐसपैस बसलेली. बोर्डामागच्या इवल्याशा कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड जानेवारीतच मेलं होतं. त्याच्यावर नवं काही लिहिलं जात नव्हतं आणि जुनं पुसलं जात नव्हतं. फहीमनं दोनदा सगळं पुसलं, पण चालू केलं की १९ पुन्हा हजर. शेवटी त्यानं नवं कार्ड घातलं.

बोर्डावर ४४ आलं आणि पारावर एकच कालवा उठला. कुणी उपरण्यानं वारा घेऊ लागलं, कुणी पाणी मागू लागलं. कडूबामामांनी तर अंगातला सदराच काढून फेकला.

“फहीम, काय केलंस रे हे? सकाळपस्नं कसं गारव्यात बसल्तो आम्ही!”

“मामा, जुनं कार्ड खराब होऊन गेल्तं. आता बोर्ड बराबर दाखवून राह्यला.”

“बराबर घेऊन काय करायचं? माणसं मरतेत इथं! जल्दी घाल ते जुनं.”

सगळेच अंगावर यायला लागले, तेव्हा फहीमनं मुकाट्यानं खराब कार्ड परत घातलं. १९. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मामांनी सदरा चढवला, वरून घोंगडी ओढून घेतली.

फहीम गाडीला किक मारणार, तोच मामा म्हणाले, “गाडीवर जायचं, अन् स्वेटर न्हाई आणला?”

“घाईत घरीच राह्यला, मामा,” फहीम म्हणाला, आणि तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की आपले दात वाजतायत.