सहावे अपत्य

"नाव नाही, पत्ता नाही. आता या यादीतून कोण कोणाला ओळखणार?" डॉक्टर विलारुस म्हणाल्या आणि बिबिंग्काचा, तांदळाच्या केकचा, तुकडा मोडून त्यांनी लुर्देसपुढे धरला.

लुर्देसने तो घेतला नाही. इलोइलो शहराच्या आरोग्य कार्यालयात तिच्या संगणकावर एचआयव्ही रुग्णांची यादी उघडी होती. उद्या ती संशोधनासाठी सगळ्यांना खुली होणार होती. नावांच्या जागी कोड होते : आईच्या नावाची पहिली दोन अक्षरे, वडिलांच्या नावाची दोन, कितवे अपत्य ते, आणि जन्मतारीख. रुग्णाला पाठ करायला नको, परक्याला कळायला नको.

"परक्याला नाही कळणार, डॉक्टर. घरच्यांना कळेल. कोड काढून टाकू. कसेही क्रमांक देऊ. जन्मतारखेऐवजी वयोगट लिहू."

"मग दोन वर्षांच्या याद्या जुळवायच्या कशा? तुला ना, एक्सेलमध्येसुद्धा भुतं, अस्वांग दिसतात! कोडवरून ओळखलेला एक माणूस दाखव मला. एक."

लुर्देसने पडद्यावर बोट ठेवले.

"एकशे बारावी ओळ. पे म्हणजे पेर्पेतुआ, आन् म्हणजे आन्सेल्मो, माझे आईवडील. सहावं अपत्य. अकरा मार्च. आमचा धाकटा भाऊ, निलो."

निलो नोव्हेंबरात गेला. घरात सगळ्यांना कारण न्यूमोनिया एवढेच ठाऊक होते. आई शेजारणींना अजून तेच सांगे. सकाळपर्यंत लुर्देसही तेच सांगत होती.

डॉक्टरांनी हातातला तुकडा परत केळीच्या पानावर ठेवला. "काढ कोड. तारखाही काढ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेवटचा रकाना राहू दे. उपचार का सोडले त्याची नुसती कारणं आहेत. त्यानं कोणाचं काय बिघडणार?"

त्या गेल्यावर लुर्देसने कोड पुसले, तारखा पुसल्या. मग शेवटचा रकाना वाचायला घेतला. कारणांतही गावाचे नाव राहून जाते, नवऱ्याचे राहून जाते. कोणाची दवाखान्याला जायची बोट चुकत होती. कोणाला गोळ्यांनी उलट्या होत होत्या. सकाळी ती निलोच्या कोडपाशीच थांबली होती. त्याच्यापुढचे काही तिने वाचले नव्हते.

एकशे बाराव्या ओळीत पलीकडच्या बेटावरच्या बाकोलोदच्या दवाखान्यातल्या नर्सने त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते : 'इथली यादी इलोइलोला माझ्या ताईकडे जाते. कोड बघितला की ती ओळखेल.'

लुर्देसच्या टेबलावर आजवर दवाखान्यांकडून फक्त रुग्णसंख्येच्या बेरजा येत असत. एकेका रुग्णाच्या कोडच्या ओळी आज पहिल्यांदा आल्या होत्या.