पहिली सही

कॅसेट फिरत होती आणि आक्काबाई बोलत नव्हती. तिचे हात मात्र, प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारलेला असावा तसे, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिले.

ज्ञानेशने अवघडून दीपमालाकडे पाहिले. तिने डोळ्यांनीच त्याला थोपवले. मुलाखतीतली शांतता आपल्या शब्दांनी भरायची नसते, असे सरांनी बजावले होते.

वाद या दोघांचा होता, एम.फिल.च्या पहिल्या आठवड्यापासूनचा. साक्षरता अभियानाने बायकांना काय दिले? ज्ञानेशने तीनशे जणींचे फॉर्म भरले होते. दोनशे त्र्याहत्तर जणींना सही येत होती. एक्क्याण्णव टक्के.

"आकडा खोटं बोलत नाही," तो म्हणे.

"आकडा बोलतच नाही," दीपमाला म्हणे.

शेवटी सर कंटाळले. म्हणाले, एकच बाई घ्या आणि दोघांच्या दोन रीतींनी तिला विचारा. ज्ञानेशने बेलाशक आपली आत्या निवडली. फॉर्म क्रमांक एकशे सतरा. सही येते का? होय. तीन वर्षांपूर्वी अभियानाच्या वर्गात, तिच्या राठ बोटांवर आपली बोटे ठेवून, त्यानेच तर तिला ती गिरवायला लावली होती.

"आत्या," त्याला राहवेना, "सही यायला लागल्यावर काय बदललं, एवढंच सांग."

"समदं सांगू?"

"सगळं."

आक्काबाईने जुडी पाटीत ठेवली.

"सही आली, त्याच्या आठव्या दिवशी तुझ्या बापानं मला कचेरीत नेलं. गाडीवर मागं बसवून. तिथला सायेब म्हणला, सही येते का, बाई? म्हटलं, येती. लय मान वाटला बघ. माझ्याम्होरं एक म्हातारी होती, अंगठेबहाद्दर. सायबानं तिला बसवून समदा कागद वाचून दाखवला. समजलं का म्हणून दोनदा इचारलं. मला कोण वाचून दाखवतंय! मी सही करणारी बाई."

ती हसली. दीपमालाही हसली आणि मध्येच थांबली.

"कागद कसला होता, मावशी?"

"हा ज्ञानू बसलाय ना, ह्याच वावराचा. माझा वाटा मी ह्याच्या बापाला, रंगनाथला सोडला, असा."

बांधापलीकडे टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. द्वारका चौकात गर्दी व्हायच्या आत त्याला भाजी घेऊन निघायचे होते.

"तुला... कळलं कसं?" ज्ञानेशला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"औंदा तलाठ्याकडून सातबारा आणला. म्हटलं, आता आपल्याला वाचता येतंय. दिवसभर त्यो कागद हुडकला. माझं नाव तेवढं मला वाचता येतं बाबा, दुसरं काय नाय. तेच नव्हतं त्यात."

ज्ञानेशच्या मांडीवर एकशे सतरा नंबरचा फॉर्म होता. 'होय'च्या चौकटीतली खूण त्याच्याच हातची, ठसठशीत. त्या खुणेकडे पाहता पाहता त्याला ओसरीवरचे वडील, नाना आठवले. सुपारी कातरत, मान वर न करता बोलणारे. 'अक्षरं राहू दे रे. आत्याला आधी सही शिकव.' त्या संध्याकाळी बापाच्या मनाचा मोठेपणा त्याला किती थोर वाटला होता! वर्गात जाऊन चार जणींना त्याने तो कौतुकाने सांगितलाही होता.

"ज्ञानू," आक्काबाईच्या स्वरात राग नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा तिने प्रश्न विचारला. "वर्गातल्या समद्या बायांला तू आधी अ-आ गिरवायला दिलं. मलाच आधी नाव का रे शिकवलं?"

दीपमालाने वर पाहिले.

तो उठला. फॉर्म मातीत पडला, तो त्याने उचलला नाही. वाफ्यांमधून बांधाकडे चालताना, दीपमालाने टेप बंद केल्याचा खटका पाठीमागे आता वाजेल, मग वाजेल, म्हणून त्याचे कान ताणलेले होते.

खटका वाजला नाही.