जुळणी

"आई, बाबांच्या नाडीचे दोन आकडे कसे येताहेत?"

लेकीचा फोन होता, विमानानेही अख्खा दिवस लागेल इतक्या लांबून. आईने आपलं डावं मनगट पाठीमागे लपवलं, जसं काही फोनला डोळेच होते.

"सकाळी सिस्टरने बाबांच्या छातीवर नवी पट्टी चिकटवली ना, ती मी इथून त्यांच्या हातातल्या घड्याळाशी जोडली. आता दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतात. घड्याळ म्हणतं सत्तर, पट्टी म्हणते एकशे तीस!"

"यंत्रच ते. एखादं बिघडलं असेल," आई म्हणाली. "बाबा छान झोपलेत."

पलंगावर बाबा तोंड उघडं टाकून धापा टाकत होते. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा त्यांनी एकच मागणं मागितलं होतं: पुन्हा तिथे नेऊ नकोस, हात बांधून ठेवतात. तेव्हापासून मनगटाला काहीही लागलं की ओढून काढायचे. लेकीने पाठवलेल्या घड्याळाचीही तीच गत झाली. आणि घड्याळ गप्प झालं की लेकीचा फोन ठरलेला. शेवटी आईने ते आपल्याच हातात चढवलं. तिकडे लेक निर्धास्त, इकडे नवरा खूश. महिनाभर सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

"मी ॲम्ब्युलन्स पाठवते," लेक म्हणाली.

"अगं, उगाच काय! चांगले आहेत." खोटं बोलायला तोंड सरावलं होतं, मनगट मेलं ऐकेना. आईने श्वास रोखून धरला, हळूहळू सोडला. छाती आणखीच धडधडायला लागली.

"आई." लेकीचा आवाज एकदम खाली आला. "ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्यापासून घड्याळातला आकडा चढतोय. बाबा तर झोपलेत म्हणतेस. मग ही नाडी कोणाची?"

आईला रडूच कोसळलं. रडत रडतच तिने घड्याळ काढलं, बाबांचा हात मांडीवर घेतला. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला तरी सैलच राहिला.

"अहो, चिडू नका हं," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

घड्याळाचा हिरवा दिवा त्यांच्या मनगटावर लुकलुकू लागला.

"जुळले," लेक म्हणाली. "दोन्ही आकडे जुळले, आई. पाठवू ना गाडी?"

"गाडी नको. तू ये," आई म्हणाली. "आज त्यांनी पट्टा ओढून काढला नाही गं."