एकटीसाठी फेरी

समुद्राच्या बाजूच्या घरांना तळमजल्यावर खिडक्या नसतात. भरतीचं पाणी पायऱ्या चढून येतं.

नवे बूट पहिल्याच दिवशी टाचेला चावतात.

फोनवर मध्येच पलीकडच्या माणसाचा आवाज गेला. लाइन तुटली असं वाटलं. मग: "एकच तिकीट ना?" हो, एकच.

वर्तमानपत्रातला फोटो कापताना कात्री घसरली. फोटोतल्या माणसाचा डावा कान गेला.

सुनेचं नाव सांगितलं की कुणी पुढचं विचारत नाही.

जुन्या बंदराच्या कमानीखाली ती वेळेआधीच पोचली. पायी फिरून बंदर बघायला आलेल्यांच्या घोळक्यात मागे उभं राहायचं, असं तिने ठरवलं होतं. पण घोळकाच नव्हता. फोटोतला माणूस तेवढा उभा होता, दोन्ही कानांसकट.

"आज तुम्ही एकट्याच, मावशी," तो म्हणाला. "ढग दिसले की लोक पांघरूण सोडत नाहीत."

एका माणसासाठी कशाला घसा कोरडा करता, मी येईन पुन्हा कधी, असं ती म्हणू लागली. त्याने हातानेच तिला थांबवलं.

"माय मरो, मावशी जगो. चला."

तो तिचा मुलगा होता. तो सहा वर्षांचा असताना ती परगावी कामाला गेली. जम बसला की तुला नेते, म्हणाली होती. जम बसला. मग दुसरा संसारही बसला. न्यायचं तेवढं राहिलं. आता एकदा त्याला डोळे भरून पाहायचं, आणि धीर झाला तर सांगायचं, एवढ्यासाठी ती रात्रभराचा प्रवास करून आली होती. तिकीट दुसऱ्या संसारातल्या सुनेच्या नावाने घेतलं होतं. त्याने ओळखावं असं तिच्या चेहऱ्यात काही उरलं नव्हतं. निघण्याआधी आरशासमोर उभं राहून तिने तशी खात्री करून घेतली होती.

तो उलटा चालत होता, तोंड तिच्याकडे करून. खड्डा आला की न बघताच पाय उचलायचा. दोरखंड घासून भिंतीला पडलेल्या खाचा त्याने दाखवल्या. मिठाने खाऊन जाळी झालेले दगड दाखवले. कुठल्या गोदामात लोकर असायची, कुठल्यात तांबं, ते सांगितलं. ती हं हं करत होती. कान नाक कुणासारखं, एवढंच बघत होती.

कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने दुकानातूनच टोमणा मारला. "काय पोपट, आज एकाच गिऱ्हाइकाला गंडवतोस का? मावशी, निम्मं खोटं धरा बरं."

"ते निम्मं मला यानेच शिकवलंय," तो म्हणाला.

ती हसली. त्याला पोपट म्हणतात, हे तिला नवीन होतं. लहानपणी त्याच्या तोंडून शब्द काढायला नाकी नऊ यायचे.

पुढे रस्त्याला दोन फाटे फुटले. ती डावीकडे वळली आणि थबकली. कुठे वळायचं ते त्याने अजून सांगितलंच नव्हतं.

"बरोबर, डावीकडेच," तो म्हणाला आणि मागच्या वाक्याचा धागा पकडून बोलत राहिला.

ही शिडं शिवणाऱ्यांची गल्ली. ती पूर्वी राहायची त्या घराच्या दाराला आता राखाडी रंग होता. आत कुणाचं तरी कार्यालय. खिडकीतून एक पंखा दिसत होता, रिकाम्या खुर्चीवर वारा घालणारा.

इथे शेवटचा शिडं शिवणारा राहायचा, तो सांगू लागला. इंजिनाच्या होड्या आल्या आणि त्याचा धंदा बसला. मग त्याने दुकानांपुढची कापडी छतं शिवली. बायको कामासाठी परगावी गेली ती गेलीच. घरात एक मुलगा होता. बाप शिवायचा, मुलगा दोऱ्याला मेण लावायचा. बायकोबद्दल बापाने कधी वाईट शब्द काढला नाही. खरं तर शब्दच काढला नाही. तो वारला त्या वर्षी घर विकलं गेलं.

तो मुलगा कोण, ते त्याने सांगितलं नाही. नवरा गेल्याचं तिला असं, तिकीट काढून कळलं.

"मग ती परत आली का?" तिने विचारलं.

"सगळे हेच विचारतात." त्याने घसा साफ केला. "समोर लहान मुलं असली तर मी आली म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?"

तिने राखाडी दाराकडे पाहिलं. शब्द ओठांपर्यंत आले. पण जीभ रेटेना.

"आली असेल. लांबून बघून गेली असेल."

त्यानेही दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "असं अजून कुणी म्हणालं नव्हतं."

फेरी धक्क्यावर संपली. तिथे तो पहिल्यांदाच पाठ वळवून, समुद्राकडे तोंड करून, तिच्याशेजारी कठड्याला टेकला. आणखी काही विचारायचंय का, असं त्याने विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मला घाई नाही, आज मी दुसरं काही ठेवलेलं नाही, असंही म्हणाला. सगळ्यांनाच म्हणत असेल, तिला वाटलं. धंद्यात गोड बोलावंच लागतं.

"नाही," ती म्हणाली. "छान सांगता तुम्ही."

"सांभाळून जा, मावशी. दगड निसरडे आहेत."

कमानीपाशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. तो तिथेच कठड्याला टेकून होता. पुढच्या गिऱ्हाइकांची वाट बघत असेल, असं मनाशी म्हणून ती बसथांब्याकडे चालू लागली.

आदल्या संध्याकाळी त्याने बाकीच्या सगळ्यांना कळवलं होतं, की उद्याची फेरी रद्द आहे.